न नांगरलेली टेकडी

कोलक्लिफचा बोगदा संपला, डब्यात पुन्हा उजेड आला, उजव्या हाताला समुद्र हजर झाला आणि चारुदत्तच्या जाकिटाच्या खिशात फोन थरथरला. सकाळच्या सिडनीच्या गाडीत कोणी कोणाकडे बघत नाही, सगळे आपापल्या फोनमध्ये तोंड घालून बसलेले असतात. त्यानेही चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बघतो तर टेकडीवरच्या कॅमेऱ्याने फोटो पाठवलेला. त्याने पेरलेल्या क्लोव्हरच्या चाऱ्यात हरीण उभं होतं. मान खाली, तोंड हिरव्यात पार बुडालेलं, पाठीवर कोवळं ऊन आणि डोक्यावर वीतभर लांबीची, अजून फाटे न फुटलेली दोन सरळ शिंगं. "खातंय!" तो मोठ्याने म्हणाला, तेही मराठीत, आणि समोरच्या बाईंनी कानातला एक इअरबड काढून त्याच्याकडे पाहिलं. "सॉरी," तो म्हणाला आणि हसला. पाहुण्याने भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली की त्याच्या बायकोच्या, चित्रलेखाच्या, चेहऱ्यावर जे येतं ते या घटकेला आपल्या चेहऱ्यावर असणार, हे त्याला आरसा नसतानाही कळत होतं. त्याच भरात त्याने फोटो लेकीला, निहारिकाला, पाठवून दिला. वर लिहिलं, 'आलं बघ! भर उजेडात!' आणि मग गाडी स्टॅनवेल पार्कच्या वळणावर हळू झाली तेव्हा त्याने तो फोटो पुन्हा उघडून बघितला. हे आपण काय करून बसलो? फोटो दिवसभर खिशात ठेवता आला असता, आठवडाभरही ठेवता आला असता, कोणी विचारायला येणार नव्हतं. पण पीक चांगलं आलं की शेजाऱ्याला बांधावर बोलावून दाखवल्याशिवाय राहवत नाही, त्यातलाच प्रकार. फोन परत थरथरला. 'ओएमजी बाबा!!! शनिवारी जायचं?' त्याने 'हो' लिहिलं आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

निहारिकाने स्वतःला घालून घेतलेली अट घरात सगळ्यांना ठाऊक होती. एक हरीण, स्वतः मारलेलं, स्वतः कापलेलं, आणि मग ती जायला मोकळी. ऑगस्टमध्ये टूवूंबाच्या हॉस्पिटलात तिची फिजिओथेरपिस्टची नवी नोकरी सुरू होणार होती. वॉलॉंगॉंगमधली जागा तिने सोडलीच होती, सामान खोक्यांत भरून आईबापाच्या गॅरेजमध्ये आणून ठेवलं होतं, आणि जायच्या आधीचे हे दीडदोन महिने ती पुन्हा आपल्या जुन्या खोलीत झोपत होती. सकाळी ओला टॉवेल दाराला लटकवत होती, फ्रिज उघडा टाकून विचार करत होती, आणि चित्रलेखा तिच्यावर ओरडत होती. चारुदत्तला तो ओरडा इतका गोड लागत होता की तो मुद्दाम उशिरा उठून अंथरुणातूनच ऐकत पडायचा. हरीण जोवर येत नव्हतं तोवर हे सगळं जणू थांबून राहिलेलं होतं. आणि हरणाला बोलावण्याचं काम त्याच्याच हातून व्हावं, इतकं नीट व्हावं, याला काय म्हणावं हे त्याला सदरलॅंड स्टेशन येईपर्यंत कळलं नाही.

खरं तर तो मातीतला माणूस. फलटणला वडिलांची थोडी काळी जमीन, शिक्षण राहुरीला, शेतीची पदवी. पण इथे विद्यार्थी म्हणून आला, पुढचं शिकला, कायमचा झाला, आणि पोटासाठी माती तपासू लागला ती तिच्यात काही उगवेल का हे बघायला नव्हे, तर तिच्यावर इमारत उभी राहील का हे बघायला. लोक नळकांड्यांतून माती आणायचे, तो ती वाळवायचा, दाबायचा, चिरडायचा आणि किती ओझं घेईल ते सांगायचा. मेलेली माती, असं तो मनात म्हणे. सत्तावीस वर्षांच्या मुलीचा बाप झाला तरी आपण एके काळी बी पेरायला शिकलो होतो हे त्याने आपणहून कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. निहारिका शाळेत असेपर्यंत त्याच्या पाठीवर बसून फिरली, मग एक दिवस पाठीवरून उतरली आणि इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. भांडण नाही, तंटा नाही. "हाऊ वॉज युनी?" "फाइन." "जेवलीस?" "येस." एवढ्या शब्दांत बापलेकींची कितीतरी वर्षं निघून गेली, आणि दोघांपैकी कोणालाच त्यात काही बिघडल्यासारखं वाटलं नाही. आणि मग या फेब्रुवारीत, एका रविवारी, तो भेंडी चिरत असताना ती ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "बाबा, तू ॲग्री केलंयस ना? मला एक प्लॉट लावून देशील?" चारुदत्तने सुरी खाली ठेवली. लहानपणी आई ज्या नावाने हाक मारायची ते नाव एखाद्या परक्या बाजारात कोणीतरी मोठ्याने उच्चारावं तसं त्याला झालं. "कसला प्लॉट?" त्याने विचारलं. "डिअरसाठी," ती म्हणाली. "म्हणजे, शूट करायला."

ती मांस युनिव्हर्सिटीत असल्यापासून खात होती, त्याचं कोणाला काही नव्हतं. पण गेल्या वर्षी तिच्या मनाने घेतलं की ज्याचं मरण बघवत नाही ते आपण ताटात घ्यायचं नाही, आणि तेव्हापासून दुकानातलं मांस बंद. डॅरिल तिचा पेशंट होता. टाराल्गाच्या बाजूचा मेंढ्यांवाला म्हातारा, गुडघा बदलून घ्यायला वॉलॉंगॉंगला लेकीकडे येऊन राहिलेला. तिने त्याला पुन्हा जिने चढायला शिकवलं आणि त्याने तिला रायफल धरायला शिकवलं. त्याच्या जमिनीवर फॅलो जातीच्या हरणांचे कळपच्या कळप होते, मेंढ्यांचं गवत खायचे, कुंपणं पाडायचे. मारलेली त्याला हवीच होती. पण ती अंधार पडल्यावर येत आणि उजाडायच्या आत झाडीत जात. उजेडी, मोकळ्यावर, एका जागी शांत उभी राहिली तरच नेम नीट लागणार, आणि नेम नीट लागणार नसेल तर निहारिका गोळी झाडणार नव्हती. जखमी करून सोडायचं नाही, यावर ती ठाम होती. म्हणून एक हिरवा तुकडा हवा होता, असा की हरणांना दिवसाढवळ्या मोह आवरू नये. हे ऐकून शाकाहारी चित्रलेखा काय म्हणेल याचा चारुदत्तने धसका घेतला होता. पण वॉलॉंगॉंगच्या डोंगरातून उतरणाऱ्या हरणांनी मागच्याच महिन्यात तिचा आठ वर्षांचा कढीपत्ता बुडख्यापर्यंत खाल्ला होता. "ते माझ्या कुकरच्या आसपास येता कामा नये," ती म्हणाली. "बाकी तुम्ही बापलेक काय ते बघा. आणि मारताना त्याला सांगा, कढीपत्ता माझा होता."

पहिल्यांदा टेकडी बघायला गेले तेव्हा चारुदत्तने टाच मारून मातीचं ढेकूळ उकरलं, चुरगाळलं, वास घेतला, आणि सवयीने विचारलं, नांगरायचं कधी? डॅरिल हसला. "यू डोन्ट, मेट. इट्स टू स्टीप. प्लाव दॅट अँड द होल लॉट एंड्स अप इन द क्रीक." उतार इतका की नांगरलं तर पहिल्याच पावसात माती ओढ्यात. तेव्हा इथे नांगर नाही. मेंढ्या सोडून गवत मुळापर्यंत खाऊन घ्यायचं, उरलेलं फवारून मारायचं, पाऊस यायच्या आदल्या दिवशी वरूनच बी फेकायचं आणि मेलेल्या गवतावरून जड रूळ फिरवायचा. तेच पांघरूण, तीच ओल. चारुदत्तला हे काही केल्या पटेना. त्याच्या लेखी पेरणी म्हणजे आधी उभी-आडवी नांगरट, मग कुळवाच्या पाळ्या, मग ढेकळं फुटून रान कसं भाकरीच्या पिठासारखं व्हायला हवं. न विचारता, न उकरता, जमिनीच्या अंगावर बी नुसतं टाकून निघून जायचं म्हणजे त्याला बेपर्वाई वाटली. पण निहारिका शेजारी उभी होती, टोपीखालून त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत 'बाबाला माहीत असतं' हा भाव इतक्या वर्षांनी परत आलेला होता. तो भाव घालवणं त्याच्या जिवावर आलं. तो म्हणाला, "होईल की. त्यात काय."

आणि मग त्याने घोटाळा केला. क्लोव्हरच्या बियाण्याला पेरण्याआधी जिवाणू चोळायचे असतात, म्हणजे मुळांवर गाठी येतात. राहुरीला ते गुळाच्या पाण्यात कालवून चोळायला शिकवलं होतं, चिकटून बसतात म्हणून. त्याने टूनगॅबीच्या दुकानातून खास कोल्हापुरी गूळ आणला, गॅरेजमध्ये पातेल्यात उकळला, गार केला, बी त्यात माखलं, वर्तमानपत्रावर सावलीत सुकवलं. निहारिका बघतच राहिली. "बाबा, डिअरना गूळ?" "डिअरना नाही गं, बियांना." तिने एक दाणा जिभेवर ठेवून बघितला. शनिवारी टेकडीवर गेले, बारीक बी वाळूत मिसळलं, ओट आणि सलगमचं बी वेगळं ठेवलं. त्याने तिच्या हातात पहिली मूठ दिली. "घरातल्या बाईमाणसाने पहिली मूठ टाकायची," तो म्हणाला. "सेक्सिस्ट," ती म्हणाली, पण टाकली. मनगट कसं सैल सोडायचं ते त्याने दाखवलं, आणि दोघं उतारावर आडवी चालत बी फोकत गेली. हवामानवाल्यांनी सांगितलेला पाऊस मात्र आलाच नाही. दोन आठवड्यांनी गेले तर ओट तेवढे कुठेकुठे डोकावत होते आणि क्लोव्हरचा पत्ता नव्हता. त्याच्या जागी मुंग्यांच्या तीन पक्क्या वाटा पडल्या होत्या, आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला वारुळाच्या तोंडाशी सोललेल्या टरफलांचा नीट ढीग होता. फलटणला बी जमिनीच्या आत जातं, तिथे गूळ कोणाच्या नाकाला लागत नाही. इथे ते वर उघड्यावर होतं, आणि चारुदत्तने साऱ्या टेकडीच्या मुंग्यांना गोडाचं जेवण घातलं होतं. डॅरिल काठीवर रेलून बराच वेळ त्या वाटांकडे बघत राहिला. "वेल, मेट," तो शेवटी म्हणाला, "यू फेड समबडी." निहारिका गवतात बसून हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ती बापाचा हात धरून म्हणाली, "गूळ, बाबा! गूळ!" आणि चारुदत्त शरमेने लाल झालेला असतानाही मनात म्हणत होता, हिने असंच हात धरून हसत बसावं, मुंग्यांचं काय, अजून एक ढेप आणू.

दुसऱ्यांदा त्यांनी चुन्याचा लेप दिलेलं तयार बी आणलं, आणि पाऊसही आला. एप्रिल-मे दर शनिवारी दोघं पहाटे निघायची, मॅक्वारी पासच्या घाटातल्या वळणांवर ती गाडी चालवायची आणि तो शेजारी बसून उगाच पाय दाबून ब्रेक मारायचा. त्या प्रवासात तिचं मराठी हळूहळू परत आलं. ते काही बापाच्या प्रेमापोटी नव्हे, गरजेपोटी. पाऊस पडून गेल्यावर माती चिखलही नसते आणि कोरडीही नसते, पायाला लागत नाही पण आत ओल धरून असते, तिला काय म्हणायचं हे इंग्रजीत तिला सापडेना. "वाफसा," चारुदत्तने सांगितलं. तिने तो शब्द तोंडात घोळवला आणि पुढच्या आठवड्यात डॅरिलला सांगून टाकला. तेव्हापासून डॅरिल फोनवर विचारायचा, "गॉट युअर वाफ्सा, लव्ह?" अंकुर, मोड, कोंब यांत फरक काय हे तिने विचारून घेतलं. मेलेल्या गवताच्या सालीखालून क्लोव्हरची तीन पानांची रोपं वर आली तेव्हा दोघं ओणवी होऊन बोटांनी गवत बाजूला करत बघत बसली. माती कोणी उकरली नव्हती, उलटीपालटी केली नव्हती, होती तशीच ठेवून तिच्या अंगावर नुसतं टाकलं होतं, आणि तिने ते आपणहून धरलं होतं. चारुदत्तला त्या दिवशी आपलं हरणांशी काही देणंघेणं आहे हे आठवलंसुद्धा नाही. परतताना, घाट उतरत असताना, निहारिका रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, मला टूवूंबाचा जॉब मिळाला. सीनिअर रोल. ऑगस्टपासून." तो म्हणाला, "अरे वा. छान." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तिकडे थंडी असते म्हणे." घरी आल्यावर चित्रलेखाने कणीक मळता मळता त्याला सुनावलं. "छान काय म्हणालास? आईवडील इथे, ही तिथे, मध्ये हजार किलोमीटर. तू थांब म्हण तिला. माझं ऐकणार नाही, तुझं ऐकते ती हल्ली." चारुदत्त 'बघू' म्हणाला. ती ऐकते हल्ली, हेच तर त्याच्या जिवाला लागून राहिलं होतं. ज्या दिवशी ती ऐकत नव्हती त्या दिवशी 'थांब' म्हणणं किती सोपं होतं.

शनिवारी दुपारी वारा पश्चिमेचा होता, म्हणजे हवा तसाच, हरणांकडून त्यांच्याकडे वाहणारा. लसणाच्या चटणीचं थालीपीठ निहारिकाने गाडीतच संपवायला लावलं, वास जाईल म्हणून, आणि बापाला दोनदा हात धुवायला पाठवलं. मग दोघं डॅरिलने हिरव्या तुकड्यासमोर उभारलेल्या जुन्या पत्र्यांच्या आडोशात शिरून दुधाच्या क्रेटांवर बसली. डॅरिल आपल्या घरी चहा पीत बसला होता, गोळीचा आवाज ऐकला की गाडी घेऊन ओढ्यापर्यंत येतो म्हणाला होता. समोर सगळी टेकडी जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या, दंवाने करपून तपकिरी पडलेली, आणि मधोमध तो हिरवा तुकडा इतका हिरवा की चारुदत्तला लाज वाटावी. निहारिकाचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता. तिच्या जाकिटाला बंदुकीच्या तेलाचा आणि चित्रलेखाच्या धुण्याच्या साबणाचा वास येत होता. ऊन उतरायला लागलं, मेंढ्या लांब कुठेतरी ओरडल्या, आणि झाडीच्या कडेला काहीतरी हललं असं वाटेपर्यंत ते हरीण मोकळ्यावर येऊन उभं होतं. तेच, वीतभर सरळ शिंगांचं. त्याने मान उंच करून हवा घेतली, एक पाय आपटला, कान इकडे-तिकडे फिरवले, आणि मग त्याचा मोह त्याच्या भीतीपेक्षा मोठा झाला आणि त्याने तोंड खाली घातलं. निहारिकाने रायफल फळीवर टेकवली. तिचा श्वास लांब झाला. चारुदत्तला क्लोव्हर तुटण्याचा आवाज येत नव्हता, एवढ्या लांबून येणं शक्यच नव्हतं, पण तो त्याला ऐकू येत होता.

आणि त्याच्या डोळ्यांपुढे फलटणचं स्वैपाकघर उभं राहिलं. तो तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल. वडील पाटावर जेवायला बसलेले, तो त्यांच्या शेजारी, आई वाढत होती, आणि दारात शेजारचे दत्तात्रयराव येऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आत आईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. वडिलांच्या भावाचं, मिरजेच्या काकांचं, दोनतीन दिवस गंभीरच होतं. तिने डोळ्यांनीच त्यांना थांबवलं, बाहेर ओट्यावर बसवलं, पाण्याचा तांब्या नेऊन दिला, आणि परत येऊन वडिलांच्या पानात भात वाढला. वडील म्हणाले, नको, झालं माझं. ती म्हणाली, थोडा घ्या, ताक छान झालंय. तिचा हात हलला नाही, ताकाचा थेंब पानाबाहेर सांडला नाही. वडिलांनी भुरके मारत ताकभात खाल्ला, बोटं चाटली, उठले, हात धुतले, पंच्याला पुसले, आणि मग तिने काका गेल्याचं सांगितलं. चारुदत्तला वाटलं होतं, आता वडील चिडणार, मला आधी का नाही सांगितलंस म्हणणार. पण ते तिथेच खांबाला धरून खाली बसले. पुढे कितीतरी वर्षांनी, आई गेल्यावर, ते एकदा आपणहून म्हणाले होते, त्या दिवशी तिने मला जेवू दिलं. कितीही वाईट असो, येणारं असेल ते येईल, पण पानावर बसलेल्याला उठवायचं नाही, हे त्या घरात कोणी कोणाला शिकवलं नव्हतं, ते सगळ्यांच्या हाडांत होतं. आणि आता तो इतक्या लांब येऊन, गूळ उकळून, बी फोकून, आवतण देऊन एका जिवाला पानावर बसवून मोकळा झाला होता.

"जेवू दे त्याला," चारुदत्त पुटपुटला.

निहारिकाने मान वळवली नाही. "व्हॉट?"

"जेवतंय ते. भरल्या पानावरून उठवू नये कोणाला. होऊ दे त्याचं. मग मार."

आता आपण सगळं घालवलं, असं त्याला वाटलं. इतक्या महिन्यांची वाट, इतका नीट उभा राहिलेला नेम, आणि बाप शेवटच्या क्षणी कसल्यातरी भाताच्या गोष्टी काढतो. डॅरिल ऐकेल तर पोट धरून हसेल. मग त्याने पाहिलं, तिचं बोट घोड्यावरून उठून बाहेरच्या लाकडावर सरळ होऊन बसलं होतं. "ओके," ती इतक्या हलक्या आवाजात म्हणाली की ते त्याला तिच्या खांद्यातूनच कळलं. "पण किती जेवतं ते, बाबा?" "त्याला विचार," तो म्हणाला, आणि तिचा खांदा हसण्याने हलला. मग दोघं त्याला जेवताना बघत राहिली. चवीने खाणारं होतं. आधी क्लोव्हरचे शेंडे, मग ओटाची पात, मधूनच सलगमचं पान ओढून बघितलं आणि सोडून दिलं. "सलगम आवडलं नाही," चारुदत्तला वाईट वाटलं. त्याला त्या हरणाचा लळा लागत होता आणि ते मरणार होतं, आणि दोन्ही खरं असूनही त्याला ओरडावंसं वाटत नव्हतं. ऊन टेकडीच्या माथ्यावर गेलं. हरणाने तोंड वर केलं, जबडा एकदोनदा फिरवला, जिभेने नाक चाटलं, आणि संथपणे चालत हिरव्यातून बाहेर पडून तपकिरी गवतात आलं. तिथे ते आडवं उभं राहिलं, सगळी कूस त्यांच्याकडे करून, पोट भरलेला कुणीही उभा राहतो तसं, कुठे जायची घाई नसलेलं.

"झालं का रे त्याचं जेवण?" निहारिकाने विचारलं. शुद्ध मराठीत विचारलं, आणि वाट बघत राहिली.

'नाही' म्हणता आलं असतं. अजून नाही, परत येईल बघ ते, एवढंच. तिने ऐकलं असतं. उजेड पाचदहा मिनिटांचा होता, तो गेला असता, हरीण झाडीत गेलं असतं, पुढचा शनिवार आला असता, तेव्हा वारा फिरलेला असता किंवा पाऊस असता. ऑगस्ट आला असता आणि ती म्हणाली असती, बाबा, अर्धवट टाकून कशी जाऊ. कदाचित तिने टूवूंबाला येत नाही म्हणून कळवलंही असतं. खोकी गॅरेजमध्येच राहिली असती, टॉवेल दारावर. हे सगळं त्याच्या जिभेच्या टोकावर तयार होतं, आणि त्याला ते हवं होतं. तो तिच्या गालाकडे बघत होता. थंडीने लाल झालेला, लहानपणी ताप आला की व्हायचा तसा. आपण हिच्यासाठी एवढंच करायचं राहिलंय, असं त्याला वाटलं.

"झालं," चारुदत्त म्हणाला.

"कान झाक," ती म्हणाली. त्याने दोन्ही तळवे कानांवर दाबले.

हरीण दोन उड्या मारून पडलं आणि पुन्हा उठलं नाही. दोघं तिथवर गेली तेव्हा त्याचा डोळा उघडा होता आणि ओठांच्या कडेला थोडा हिरवा रस होता. तोंडात काही उरलं नव्हतं, सगळं गिळून झालेलं होतं. निहारिकाने रायफल रिकामी करून नीट बाजूला ठेवली. ती हरणाच्या मानेवर हात ठेवून बसली आणि रडली. चारुदत्त तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. जन्मात कधी त्याने मेलेल्या जनावराला हात लावला नव्हता. त्याने लावला, ते अजून गरम होतं. दुसरा हात त्याने तिच्या पाठीवर ठेवला.

"तू नको म्हणाला असतास ना, तर मी नसतं मारलं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"टूवूंबाचंसुद्धा." तिने बाहीने नाक पुसलं. "मी वाट बघत होते तू म्हणशील म्हणून. कारमध्ये, त्या दिवशी. तू एकदा जरी थांब म्हणाला असतास तर आय वुड हॅव स्टेड, बाबा. आय स्वेअर."

"म्हणूनच म्हणालो नाही," चारुदत्त म्हणाला.

मग तिने कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवलं, जोरात टेकवलं, आणि बराच वेळ काढलं नाही. खाली ओढ्यापाशी डॅरिलच्या गाडीचे दिवे दिसायला लागले. उतार ओला होता, गाडी वर येणार नव्हती. निहारिका उठली, तिने पुढचे दोन पाय धरले, त्याने मागचे धरले. अपेक्षेपेक्षा जड होतं. "जमेल ना तुला?" तिने विचारलं. "चल," तो म्हणाला. ती पुढे तोंड करून उतरायला लागली. वाट कुठून काढायची ते तिचं तीच ठरवत होती, आणि चारुदत्त मागून, तिच्या पावलाशी पाऊल जुळवत, ती वळेल तिकडे वळत गेला.